स्त्रीबीजे यंत्राने गोठवावीत की हाताने?

प्रश्न असा आहे : ‘माझे वय ३४ आहे. मूल कधी होऊ द्यायचे हे अजून ठरलेले नाही, म्हणून स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा विचार आहे. एका केंद्रात सांगितले की त्यांच्याकडे हे काम स्वयंचलित यंत्र करते, त्यामुळे मानवी चूक होत नाही. दुसऱ्या केंद्रात अनुभवी भ्रूणतज्ज्ञ हातानेच बीजे गोठवतात. मी कोणते केंद्र निवडावे?’

मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे प्रयोगशाळेत हेच काम करत आले आहे, हाताने केले आहे आणि यंत्राच्या साहाय्यानेही केले आहे. थोडक्यात सांगायचे तर, केवळ यंत्र आहे म्हणून पहिले केंद्र निवडू नका आणि केवळ यंत्र नाही म्हणून दुसरे नाकारू नका. यंत्र या कामातील काही मिनिटांचा भाग फार चांगल्या रीतीने सांभाळते. पण तुमच्या बीजांचे भवितव्य ज्या टप्प्यांवर अवलंबून असते, त्यांतील बरेचसे त्या काही मिनिटांच्या आधी आणि नंतर येतात. ते टप्पे कोणते हे समजले, तर दोन्ही केंद्रांना नेमके काय विचारायचे ते तुम्हालाच कळेल.

स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढा असतो आणि तिच्यात पाणी भरपूर असते. पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशीच्या नाजूक रचनेला आतून फाडतात. शिवाय पक्व बीजात गुणसूत्रे एका अतिशय नाजूक तंतुमय रचनेवर मांडलेली असतात, आणि तापमान थोडे उतरले तरी ही रचना विस्कटू लागते. शुक्राणू किंवा भ्रूण गोठवणे त्या मानाने लवकर साधले. बीजाने मात्र आम्हाला फार वाट पाहायला लावली. गोठवलेल्या बीजापासून गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद १९८६ साली ऑस्ट्रेलियात क्रिस्टोफर चेन यांनी केली, पण त्यानंतरची कितीतरी वर्षे हे यश अपवादात्मकच राहिले. अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ मध्ये काढला, यावरून मधला काळ किती लांबला याची कल्पना येईल.

या मधल्या काळातील एक गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. आज यंत्र म्हणजे नवे आणि हात म्हणजे जुने असे भासवले जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पूर्वी आम्ही ‘स्लो फ्रीझिंग’ करत असू, आणि ते काम संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्रच करत असे. बीज नळीत भरून यंत्रात ठेवायचे, तापमान उणे सहा-सात अंशांपर्यंत उतरवायचे, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेला चिमटा नळीला बाहेरून टेकवून बर्फाची सुरुवात करून द्यायची आणि पुढे मिनिटाला ०.३ अंश अशा संथ गतीने थंड करत जायचे. थंड करताना हाताचे काम त्या एका चिमट्यापुरते होते. तरीही बीजे मोठ्या प्रमाणावर दगावत. ‘व्हिट्रिफिकेशन’ची पद्धत आली तेव्हा सगळे जग यंत्राकडून पुन्हा हाताकडे वळले, कारण हाताने मिळणारे परिणाम स्पष्टपणे चांगले होते. स्वयंचलन म्हणजे आपोआप गुणवत्ता, हे समीकरण आमच्या क्षेत्रात एकदा तपासून झालेले आहे.

व्हिट्रिफिकेशनमध्ये बर्फ होऊच द्यायचा नसतो. पेशीतील पाणी बरेचसे काढून त्या जागी संरक्षक द्रव्ये भरायची आणि मग ती इतक्या झटक्यात थंड करायची की उरलेले पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते. मासाशिगे कुवायामा यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘क्रायोटॉप’ पद्धतीत बीज प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीवर, मायक्रोलिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी द्रवात ठेवून थेट उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवतात. थंड होण्याचा वेग मिनिटाला सुमारे २३,००० अंश आणि पुन्हा उबवण्याचा, म्हणजे गोठलेले बीज वापरण्यासाठी परत शरीराच्या तापमानाला आणण्याचा, वेग सुमारे ४२,००० अंश इतका असतो. आज बहुसंख्य प्रयोगशाळा हीच किंवा हिच्यासारखी पद्धत वापरतात.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगते, कारण यंत्र नेमके काय बदलते हे त्यावरूनच कळेल. पहिल्या द्रावणात इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ ही दोन संरक्षक द्रव्ये प्रत्येकी ७.५ टक्के असतात. बीज त्यात सोडले की सूक्ष्मदर्शकाखाली ते आपल्या पारदर्शक आवरणाच्या आत आक्रसू लागते. पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि गोल पेशी दबलेल्या चेंडूसारखी दिसू लागते. मग संरक्षक द्रव्ये हळूहळू आत शिरतात आणि ती पुन्हा फुगून आवरण भरून टाकते. याला साधारण दहा ते पंधरा मिनिटे लागतात, पण प्रत्येक बीजाला तेवढीच लागत नाहीत. त्यानंतरच्या द्रावणात दोन्ही द्रव्यांचे प्रमाण प्रत्येकी १५ टक्के असते आणि सोबत सुक्रोज असते. हे द्रावण दाट असते; बीज त्यात तरंगून वर येते, नजरेआड होते, आणि ते शोधून पिपेटमध्ये पुन्हा घ्यावे लागते. या द्रावणात बीज एक ते दीड मिनिटाहून जास्त राहिले तर त्याच द्रव्यांची विषबाधा होते, आणि कमी राहिले तर पाणी पुरेसे निघत नाही. तेवढ्या वेळात ते पट्टीवर ठेवायचे, आजूबाजूचा द्रव ओढून घ्यायचा आणि पट्टी नायट्रोजनमध्ये बुडवायची. द्रव जास्त उरला तर थंड होण्याचा वेग कमी होतो, आणि ओढताना हात किंचित जास्त चालला तर द्रवाबरोबर बीजही परत पिपेटमध्ये येते.

माझ्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडून असे झाले होते. पट्टी बुडवून झाली, टोपण लावून झाले, आणि डिश आवरताना पिपेटच्या टोकात बीज दिसले. त्या स्त्रीची एकूण सहाच बीजे होती. वरिष्ठांना तत्काळ सांगितले, रुग्णालाही सांगण्यात आले, पण ती घटना मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच या कामातील हाताची मर्यादा मी कधीही कमी लेखणार नाही. दिवसाच्या शेवटी, तिसऱ्या रुग्णाचे अठरावे बीज भरताना हात आणि डोळे सकाळसारखे नसतात.

यंत्राचे मोल नेमके इथे आहे. हाताच्या पद्धतीत आम्ही बीज एका थेंबातून दुसऱ्या थेंबात नेतो. यंत्रात बीज एका छोट्या कुपीत जागच्या जागी राहते आणि त्याच्याभोवतीचे द्रव बदलत जातात. प्रत्येक द्रव किती, किती तापमानाचा आणि किती सेकंद, हे यंत्र ठरवते आणि पहिल्या बीजाला जसे तसेच शेवटच्याला वागवते. काही नव्या रचनांमध्ये द्रावणाची तीव्रता पायऱ्यापायऱ्यांनी न वाढवता सलग, हळूहळू वाढवतात; त्यामुळे पेशीचे आक्रसणे सौम्य होते, आणि तत्त्व म्हणून मला हे फार पटते. बीज हरवण्याची शक्यताही कमी होते. नवशिक्या भ्रूणतज्ज्ञाला विश्वासार्ह हात येण्यासाठी अनेक महिने सराव करावा लागतो. यंत्रामुळे माणसामाणसांतील हा फरक घटतो. ज्या केंद्रात कर्मचारी वारंवार बदलतात, तिथे हा फायदा मोठा आहे.

आता दुसरी बाजू. ‘स्वयंचलित’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक यंत्रागणिक वेगळा असतो. ऑस्ट्रेलियात विकसित झालेले ‘गावी’ हे यंत्र या क्षेत्रात बरेच परिचित आहे. ते द्रावणे बदलते आणि कुपी हवाबंद करते, पण बीज किंवा भ्रूण कुपीत ठेवणे आणि बंद कुपी नायट्रोजनमध्ये उतरवणे ही दोन्ही कामे माणूसच करतो. अशा यंत्राला अर्धस्वयंचलित म्हणणेच योग्य. या यंत्रावरचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास भ्रूणांवरचा होता आणि त्यात प्रयोगशाळेतील परिणाम क्रायोटॉपच्या तोडीचे आढळले. ‘तोडीचे’ हा शब्द लक्षात ठेवा. ‘सरस’ असे त्यात म्हटलेले नव्हते. शिवाय भ्रूणांवरून थेट बीजांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. पाचव्या दिवसाच्या भ्रूणात शंभराहून अधिक पेशी असू शकतात आणि त्यांतील काही दगावल्या तरी उरलेल्या पेशी त्याला सावरतात. बीज ही एकच पेशी आहे, त्यामुळे तिथे सावरून घेणारे दुसरे कोणी नाही. म्हणून केंद्राने यंत्राविषयीची आकडेवारी दाखवली, तर ती भ्रूणांची आहे की बीजांची, हे आधी पाहा.

बंद कुपीचा मुद्दाही नीट समजून घ्यावा लागतो. उघड्या पट्टीवर बीजाचा नायट्रोजनशी थेट स्पर्श होतो, म्हणून संसर्गाचा तात्त्विक धोका सांगितला जातो. बंद कुपीत तो टळतो. परंतु मधल्या प्लॅस्टिकच्या भिंतीमुळे थंड होण्याचा वेग घटतो, आणि त्याची भरपाई द्रावणांच्या मांडणीने व उबवण्याच्या वेगाने करावी लागते. उंदरांच्या बीजांवरील प्रयोगांतून असे दिसले आहे की, बीज जगण्याच्या दृष्टीने थंड करण्याच्या वेगापेक्षा उबवण्याचा वेग अधिक निर्णायक असतो, कारण सावकाश उबवताना काचेसारखा झालेला द्रव मध्येच स्फटिक होऊ शकतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, तुमची बीजे कोण गोठवणार याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती कोण आणि कशी उबवणार हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पट्टी नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या द्रावणात जाईपर्यंत एका सेकंदाहून अधिक वेळ जाता कामा नये. हे काम आजही बहुतेक ठिकाणी हातानेच होते, आणि ते तुम्ही बीजे गोठवल्यानंतर पाच, आठ, कदाचित दहा वर्षांनी, कोणी दुसरीच व्यक्ती करणार आहे.

यातून एक अडचण उद्भवते, जिचा केंद्रे फारसा उल्लेख करत नाहीत आणि जिची मला मनापासून काळजी वाटते. विशिष्ट यंत्राची कुपी विशिष्ट रीतीनेच उघडावी आणि उबवावी लागते. दहा वर्षांनी तुम्ही दुसऱ्या शहरात किंवा देशात असाल आणि बीजे तिकडे न्यावी लागली, तर तिथल्या प्रयोगशाळेला ही कुपी हाताळण्याचा सराव असेल का? यंत्र बनवणारी कंपनीच तोवर बंद झाली, तर उबवण्याची द्रावणे आणि कुपी उघडण्याची साधने कोठून येणार? पट्टीवर हाताने गोठवलेली बीजे जगातील बहुतेक प्रयोगशाळा हाताळू शकतात. यंत्रवाल्या केंद्राला हे स्पष्टपणे विचारा, आणि कुपीतील बीजे यंत्राविना, सर्वत्र मिळणाऱ्या द्रावणांनी उबवता येतात का, याचे लेखी उत्तर घ्या.

गोठवण्याच्या आधीचा भाग थोडक्यात सांगते. बीजे काढल्यावर त्यांच्याभोवतीच्या पेशी काढून टाकून कोणते बीज पक्व आहे ते पाहतात, आणि पक्व बीजेच गोठवतात. हे काम सध्या बहुतेक ठिकाणी हातानेच होते. बीज बाहेर आल्यापासून त्याचे वय तासागणिक वाढते, म्हणून ते काही तासांच्या आत गोठवले जावे लागते. यंत्र एका वेळी ठरावीक कुप्याच घेते. वीस बीजे निघाली आणि यंत्र एकच असले, तर शेवटची बीजे किती वेळ थांबतील, हेही विचारण्यासारखे आहे. अलीकडे बीजाच्या छायाचित्रावरून त्याची प्रत वर्तवणारी संगणकीय साधनेही दाखवली जातात. ती समुपदेशनात काही अंशी उपयोगी पडतील, पण गुणसूत्रांतील दोष त्या छायाचित्रात दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गुणांकावर स्वतःचा निर्णय सोपवू नका.

स्वयंचलनाचा सर्वांत मोठा उपयोग कुठे आहे असे मला विचाराल, तर मी गोठवण्याच्या यंत्राआधी ओळख पटवण्याची आणि साठवणुकीवर देखरेख ठेवणारी व्यवस्था सांगेन. प्रत्येक डिश, नळी आणि पट्टीवर इलेक्ट्रॉनिक खूण असते, आणि एकाच टेबलावर दोन रुग्णांचे साहित्य आले तर यंत्रणा तत्काळ इशारा देते. दोन माणसांनी एकमेकांसमोर नाव वाचून सही करण्याची जुनी रीत चांगलीच आहे, पण हजारावी सही करताना माणूस वाचत नसून फक्त सही करत असतो. इथे यंत्र माणसापेक्षा निःसंशय सरस आहे.

साठवणुकीचे तसेच. गोठवणे काही मिनिटांत संपते, टाकीतील मुक्काम मात्र कित्येक वर्षांचा असतो. २०१८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या केंद्रांत, योगायोगाने एकाच शनिवार-रविवारी, टाक्यांमध्ये बिघाड झाला आणि हजारो बीजे व भ्रूण धोक्यात आले. त्यांपैकी एका ठिकाणी चार हजारांहून अधिक बीजे व भ्रूण गेले, आणि धोक्याची सूचना बाहेर पाठवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती असे पुढे उघड झाले. त्या स्त्रियांची बीजे उत्तम गोठवलेली असतील, पण त्याचा काही उपयोग राहिला नाही. आम्ही आजही रोज सकाळी मोजपट्टी टाकीत बुडवून बाहेर काढतो. तिच्यावर जिथपर्यंत पांढरे दव जमते तिथपर्यंत नायट्रोजन आहे, असे समजते. टाकीच्या गळ्याशी बाहेरून ओल किंवा हिम दिसले, तर तिचे निर्वात आवरण निकामी होत असल्याची शंका घेतो. तापमान मोजणारा सेन्सर आणि फोनवर इशारा पाठवणारी यंत्रणा असतेच. पण सेन्सर बिघडल्याचे सांगायलाही कोणीतरी लागते, म्हणून माझ्या मते ही मोजपट्टी कधीच बंद करू नये. दोन्ही केंद्रांना विचारा की रविवारी पहाटे तीन वाजता इशारा वाजला, तर तो कोणाच्या फोनवर जातो, ती व्यक्ती किती वेळात पोहोचते, आणि बीजे हलवायला भरलेली राखीव टाकी तयार असते का.

आता तुमच्या वयाविषयी. परिणामावर सर्वांत मोठा प्रभाव पद्धतीचा नसून बीज काढतानाच्या वयाचा आणि बीजांच्या संख्येचा असतो. बोस्टनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या एका गणिती अंदाजानुसार, किमान एक मूल होण्याची शक्यता ७५ टक्के असावी यासाठी ३४ व्या वर्षी सुमारे १०, ३७ व्या वर्षी सुमारे २० आणि ४२ व्या वर्षी सुमारे ६१ पक्व बीजे लागतात. हा केवळ अंदाज आहे आणि कोणा एकीला दिलेली हमी नव्हे. पण तीन वर्षांत आकडा दुप्पट होतो, हे पाहा. चांगल्या प्रयोगशाळेत गोठवलेल्या शंभर बीजांपैकी साधारण ८५ ते ९५ उबवल्यानंतर जगतात, मग ती हाताने गोठवलेली असोत वा यंत्राने. यंत्रामुळे हा आकडा दोन-चारने सुधारला, तरी निर्णय वर्षभर लांबवल्याने होणारे नुकसान त्यातून भरून निघणार नाही. म्हणून आणखी चांगले यंत्र येईल या आशेने थांबू नका.

निवड करताना दोन्ही केंद्रांना एक आकडा मागा : आजवर किती बीजे गोठवली हा नव्हे, तर किती उबवली, त्यांतील किती जगली आणि तुमच्या वयोगटात त्यांतून किती मुले जन्मली. गोठवणाऱ्या बहुतांश स्त्रिया अजून बीजे वापरायला परत आलेल्या नसतात, त्यामुळे हजारो बीजे गोठवलेल्या केंद्राने प्रत्यक्षात मोजकीच उबवलेली असू शकतात. यंत्र नवे असेल, तर त्या यंत्राने गोठवलेल्या बीजांचा आकडा वेगळा मागा. जुन्या हाताच्या पद्धतीचे यश यंत्राच्या नावावर सांगितले गेलेले मी पाहिले आहे. ही माहिती जे केंद्र मोकळेपणाने, कागदावर देईल आणि जिथे अनेक वर्षे टिकलेले भ्रूणतज्ज्ञ असतील, ते मी निवडेन, तिथे यंत्र असो वा नसो. दोन्हींची उत्तरे सारखीच भक्कम निघाली आणि यंत्रवाल्या केंद्राने कुपीविषयीच्या माझ्या शंकेचे समाधान केले, तर यंत्रवाले केंद्र निवडायला माझी हरकत नाही.

आणखी एक काम बीजे गोठवली जातील त्याच दिवशी करून घ्या. किती बीजे, कोणत्या प्रकारच्या पट्टीवर किंवा कुपीत, कोणत्या कंपनीच्या द्रावणात, प्रत्येक पट्टीवर किती आणि कोणत्या टाकीत ठेवली, याची सही-शिक्क्यानिशी नोंद मागून घ्या. दहा वर्षांनी ती बीजे उबवणारी भ्रूणतज्ज्ञ सर्वांत आधी हाच कागद मागेल. तो साठवणुकीच्या करारासोबत जपून ठेवा, आणि पत्ता किंवा फोन नंबर बदलला की केंद्राला लेखी कळवा. टाकीविषयी काही कळवायचे असेल तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोहोचू शकले पाहिजेत.